एकशे पंचावन्न

एकतीस वर्षं मी संग्रहालयात चित्रं टांगली.
चित्रकारांची नावं आता निसटतात,
वजनं मात्र खांद्याच्या लक्षात आहेत.
नियम एकच होता : चित्राचा मध्य
जमिनीपासून एकशे पंचावन्न सेंटिमीटरवर.
उभ्या माणसाची नजर तेवढ्यावर पडते.
निवृत्त झाल्यावर तिबिलिसीतली घरं हिंडलो
ड्रिल, ओळंबा आणि हा आकडा घेऊन.

सोलोलाकीत, तिसऱ्या मजल्यावर, त्सिउरीबाई.
जिन्याचा कठडा दातासारखा हलतो.
गॅलरीत सोललेली पर्सिमन
दोरीला वाळत टांगलेली,
एका ओळीत, सारख्या अंतरावर.
म्हटलं, या घराला टांगायचं कळतं.

मुलीनं, तेओनानं, रॉटरडॅमहून आराखडा धाडला होता.
पांढऱ्या चौकटी सहा, दोन रांगांत,
बाजूनं मोकळी जागा, खाली सूचना :
भिंतीला श्वास घेऊ द्या.
फोनवर ती भिंत देखणीच होती.
तिच्यासमोर कुणी राहत नव्हतं.

भिंतीला कान असतात म्हणे.
मी भिंतीला कान लावतो.
बोटाच्या पेरानं टकटक करत सरकतो :
इथे वीट.
इथे बुजवलेलं धुराडं.
इथे भूकंपाची भेग, वर फुलांचा कागद,
त्या कागदावर दुसरा कागद.
वीट लागली तिथे भोक पाडलं.

पहिलं चित्र तिच्या नवऱ्याचं.
एकच नाशपाती, जलरंगात,
देठ जरा जास्तच लांब.
(तो पुलांचा इंजिनिअर होता.)
टांगलं. ओळंबा सोडला. चार पावलं मागे आलो.
"दिसतंय का?"

त्सिउरीबाई चाकाच्या खुर्चीत, मांडीवर शाल.
खुब्याचं हाड मोडल्याला दोन वर्षं झाली.
"काच दिसते," म्हणाली.
"काचेत खिडकी.
खिडकीत समोरच्यांच्या चादरी.
नाशपाती आहे, हे मला माहीत आहे."

मी फरशीवर बसलो. गुडघे वाजले.
एकतीस वर्षांत एकही चित्र
मी बसून पाहिलं नव्हतं.
खालून पाहिलं तर खरंच,
काचेत चादरीच होत्या, एक पट्ट्यापट्ट्यांची.

मग मोजपट्टी तिच्या चपलेपाशी धरली,
शालीवरून, हनुवटीवरून वर नेली.
ती पापणी न हलवता थांबली,
शिंप्यापुढे नवरी थांबते तशी.
एकशे चौदा.

आराखडा घडी करून खिशात टाकला.
नाशपाती उतरवली.
तिच्याशेजारी कोरड्या पुलाच्या बाजारातला डोंगर,
सही नसलेला, घासाघीस करून बारा लारीला घेतलेला.
आणि आईचं निळं मेजवस्त्र,
मासे, हरणं, काठावर वाइनचा एक डाग.
"डाग आत घडी करू?"
"डागावरच तर चौकट कर.
सगळी हसली होती तेव्हा."
सहापैकी तीनच चौकटी लागल्या.
उरलेल्या तीन पलंगाखाली श्वास घेत आहेत.

संध्याकाळी तेओना पडद्यावर आली.
"आई, सगळं खाली घसरलंय!
हा गोचा पिऊन आला होता का?"
"तू उभी आहेस?"
"हो, स्वयंपाक करतेय."
"मग बस."
रॉटरडॅममध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
बराच वेळ दुसरा कुठलाच आला नाही.
मग, "देठ केवढा लांब काढलाय बाबांनी."

वरचं भोक राहिलं होतं.
लांबी मळायला घेतली, तर नको म्हणाली.
"तिथे खिळा ठोक. येणारा उभाच येतो,
त्याला काहीतरी नको का?"

आता मंगळवारी मी तिथे जातो,
चहा असतो, कधी तुतीचा मुरंबा.
एकशे पंचावन्नवर टोपी अडकवतो
आणि बसतो.